झाडाखाली उभं राहिल्याशिवाय रेट सांगू नका

गेल्या अंकात झाडांची छाटणी आणि निगा करणाऱ्या छोट्या टीमवर एक पान दिलं होतं आणि खाली लिहिलं होतं की काही विचारायचं असेल तर पाठवा. एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कोणाचीच दिली नाहीत, फक्त गाव दिलंय. उत्तरं मीच देतोय, ठाण्यात माझं हेच काम आहे, एक टेम्पो, दोन मशीन (म्हणजे झाडं कापायच्या पेट्रोलवरच्या चेनसॉ) आणि जुनी माणसं, त्यामुळे जे लिहितोय ते रोजच्या कामातलं आहे.

प्रश्न (डोंबिवली): दादा, माझ्याकडे चार पोरं आणि एक मशीन आहे. सोसायटीचे सेक्रेटरी व्हॉट्सॲपवर झाडाचा फोटो टाकतात आणि म्हणतात रेट सांगा. जागेवर जाऊन यायला अर्धा दिवस जातो, नाही गेलो तर काम दुसरा घेतो. फोटोवरून सांगितलेला रेट नंतर अंगावर येतो. तुम्ही काय करता?

उत्तर: मी फोटोवर रेट देत नाही, आणि तूही देऊ नकोस मित्रा. फोटोत झाड दिसतं, पण काम दिसत नाही. झाडाखाली कोणाच्या गाड्या लागतात, कंपाउंडच्या पलीकडे शेजाऱ्याचा पत्रा आहे का, इंटरनेटच्या केबली कुठून कुठे गेल्यात, फांदी थेट सोडता येईल की दोराने उतरवावी लागेल, टेम्पो गेटमधून आत येतो की रस्त्यावर उभा करून सगळा माल, म्हणजे कापलेल्या फांद्या आणि लाकूड, हाताने वाहायचा, यातलं काहीच फोटोत येत नाही आणि तुझे पैसे नेमके यातच जातात. तीच फांदी मोकळ्या मैदानात असेल तर दहा मिनिटांचं काम आहे, आणि खाली काचेचं शेड असेल तर दोन तास लागतात.

वजनाचा अंदाज घ्यायला शिक. एक फूट जाडीचा आणि दहा फूट लांबीचा ओला ओंडका साधारण दोनशे किलोच्या घरात जातो. तो वरून सोडला तर खाली फरशी राहत नाही, आणि दोराने उतरवायचा तर खाली दोर धरणारा माणूस तयारीचा पाहिजे, दोराला बुंध्याभोवती वेढे पाहिजेत. हे सगळं झाडाखाली उभं राहून वर बघितल्यावरच कळतं.

रेट काढताना मजुरी आणि पेट्रोल सगळेच धरतात, पण माल उचलायचा खर्च निम्मी लोकं धरतच नाहीत. एका मोठ्या पर्जन्यवृक्षाची (रेन ट्रीची) छाटणी केली की खाली जो डोंगर पडतो तो बघून नवीन माणसाला घाम फुटतो. टेम्पोच्या किती खेपा होतील, माल टाकायचा कुठे, तिथे पैसे द्यावे लागतात का, हे आधी विचार. लाकूड कोण ठेवणार तेही आधीच बोलून घे, कारण आंब्याच्या ओंडक्याला वखारवाला गिऱ्हाईक असतो पण गुलमोहराला कोणी विचारत नाही, आणि सोसायटीच्या डोक्यात असतं की कॉन्ट्रॅक्टर लाकूड विकून कमावतो त्यामुळे त्याने काम स्वस्तात करावं. साग, खैर असलं लाकूड असेल तर वन विभागाच्या वाहतूक परवान्याशिवाय टेम्पोत चढवायचं नाही, नाहीतर नाक्यावर टेम्पो अडकतो.

काम उक्तं घे, म्हणजे पूर्ण कामाचा एकच रेट ठरवून, दिवसाच्या हजेरीवर नको. हजेरीवर घेतलं की सोसायटीतला प्रत्येक माणूस खाली येऊन सांगतो ती पण फांदी काढा, आणि तुझी पोरं संध्याकाळपर्यंत वरच. कोटेशनमध्ये झाड कोणतं, कुठल्या बाजूच्या कुठल्या फांद्या, माल उचलणं धरून की सोडून, एवढं लिहून दे आणि त्या फांद्यांचे फोटो खूण करून सोबत जोड. निम्मे पैसे आधी घे. मोठी सोसायटी पेमेंटमधून एक टक्का टीडीएस (तुझ्या नावाने आधीच भरला जाणारा इन्कम टॅक्स) कापते, तो पैसा बुडत नाही, रिटर्न भरलं की हिशोबात मिळतो, त्यामुळे रिटर्न भरायची सवय आत्तापासून लाव. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सेवेच्या धंद्याला जीएसटी नंबर सक्तीचा नाही.

आणि जागेवर जायला अर्धा दिवस जातो म्हणतोस तर एका भागातल्या सगळ्या पाहण्या एकाच सकाळी ठेव. सेक्रेटरीला फोनवर सांग की येतो, बघतो आणि तिथेच कागदावर लिहून देतो. जो एवढंही थांबत नाही तो पेमेंटलाही रडवतो, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न (पुणे, कोथरूड): आमच्या सोसायटीचे चेअरमन म्हणतात झाड आमचं, जागा आमची, नुसती छाटणी करायची आहे, तोडायचं नाहीये, मग परवानगी कशाला? तुम्ही करून टाका. मी कॉन्ट्रॅक्टर आहे, मला नाही म्हणता येत नाही.

उत्तर: नाही म्हणावंच लागेल. शहरात १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे आणि तो खासगी जागेतल्या झाडालाही तेवढाच लागू आहे. त्या कायद्यात झाड पाडणं याची व्याख्याच अशी आहे की जाळणं, कापणं किंवा कुठल्याही प्रकारे झाडाला इजा करणं सगळं त्यात येतं. म्हणजे नुसती छाटणी ही पळवाट नाहीये. महापालिकेच्या उद्यान विभागात वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, फोटो जोडायचे, ते लोक पाहणी करतात आणि कोणत्या फांद्या किती काढायच्या ते ठरतं. अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर, सोसायटीच्या सहीने जाऊ दे. खूप कॉन्ट्रॅक्टर गिऱ्हाईक सांभाळायला स्वतःच्या नावाने धावपळ करतात आणि उद्या तक्रार झाली की चेअरमन हात वर करतात.

२०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज वृक्ष धरलं गेलं. कोथरूडमध्ये बंगल्यांच्या जागेवर झालेल्या सोसायट्यांत जुने आंबे, चिंचा, वड आहेत, त्यांना हात लावायच्या आधी वयाचा विषय निघणार हे धरून चाला. गावाकडे कायदा वेगळा आहे, तिथे १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे, तेव्हा मुळशीच्या फार्महाउसचं काम घेतलं तर पालिकेत न जाता तिकडच्या ऑफिसात चौकशी करा.

परवानगीची झेरॉक्स कामाच्या जागी खिशात पाहिजेच. मशीनचा आवाज आला की पाच मिनिटांत कोणीतरी मोबाईल घेऊन व्हिडिओ करायला येतं, आणि यावं पण, मला त्यांचा राग येत नाही, शहरात झाडासाठी भांडणारी माणसं आहेत म्हणून झाडं उरलीत. त्यांना कागद शांतपणे दाखवा, काय करतोय ते समजावून सांगा. झाड अचानक कललं, आत्ताच पडेल अशी परिस्थिती असेल तर आधी अग्निशमन दल आणि वॉर्डाला फोन, मुंबईत पालिकेचा १९१६ आहे, फोटो काढा, लेखी कळवा आणि मग पुढचं.

प्रश्न (ठाणे, घोडबंदर रोड): आमच्याकडे दरवर्षी मे महिन्यात गुलमोहर आणि रेन ट्री वरून अर्धे कापतात, म्हणजे पावसात पडणार नाहीत असं म्हणतात. नंतर बुंध्यावर रंग लावतात. दोन वर्षांत झाड परत तेवढंच होतं आणि फांद्या आधीपेक्षा जास्त पडतात. हे बरोबर आहे का? बरोबर पद्धत काय?

उत्तर: ताई, तुम्ही जे बघितलंय ते शंभर टक्के खरं आहे आणि हा प्रश्न आल्याचा मला फार आनंद झाला, कारण या एका गोष्टीने आपल्या शहरांतली झाडं जेवढी खराब झालीत तेवढी वादळाने पण झाली नसतील.

शेंडा उडवला की झाड घाबरल्यासारखं झोपलेले डोळे (सालीखालचे न फुटलेले अंकुर) जागे करतं आणि कापलेल्या टोकाभोवती दहा-पंधरा कोंब एकदम फुटतात. हे कोंब झपाट्याने वाढतात, पण नैसर्गिक फांदी जशी वर्षानुवर्षं खोडाच्या लाकडात गुंतत जाते तसे ते गुंतलेले नसतात, वरच्या वर चिकटलेले असतात. त्यात खालचं कापलेलं तोंड उघडं असतं, तिथून पाणी आत जातं आणि लाकूड कुजायला लागतं. म्हणजे दोन-तीन वर्षांनी कुजक्या पायावर उभ्या असलेल्या जड फांद्या तयार, आणि पहिल्या जोराच्या वाऱ्यात त्या खाली. गुलमोहर मुळात मादागास्करचा, लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवरची, त्याला हा प्रकार अजिबात सोसत नाही.

बरोबर पद्धतीत झाडाची उंची न तोडता भार कमी करतात. वाळलेल्या, कीड लागलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी जातात. मग एखादी लांब फांदी रस्त्यावर किंवा गॅलरीवर आलेली असेल तर ती मधेच ठोकून न टाकता, तिला जिथे दुसरी चांगली बाजूची फांदी फुटलीय तिथपर्यंत मागे घेतात, म्हणजे रस वाहायला जागा राहते आणि कोंबांचा झुबका फुटत नाही. एका वेळी झाडाच्या हिरव्या पानोळ्याच्या पाव भागाहून जास्त काढायचं नाही, म्हाताऱ्या झाडाचं तर त्याहूनही कमी.

आता काप. कुठल्याही फांदीच्या मुळाशी जाऊन नीट बघा, फांदी खोडाला जिथे मिळते तिथे साल थोडी फुगलेली आणि सुरकुतलेली दिसते, गळ्याभोवती कॉलर असावी तशी. जखम बंद करणारं सगळं सामान या फुगवट्यात असतं. काप या कॉलरच्या लगेच बाहेर पाहिजे. कॉलर धरून खोडाशी सपाट कापलं तर जखम मोठी होते आणि बंद होत नाही, आणि खुंटी ठेवली तर खुंटी कुजून कूज आत जाते. जड फांदी एका कापात कधीच काढायची नाही. आधी कॉलरपासून फूटभर पुढे खालच्या बाजूने एक काप घ्यायचा, जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. मग त्याच्या थोडं पुढे वरून कापायचं, फांदी पडते आणि साल चिरत गेली तरी खालच्या कापापाशी थांबते. शेवटी उरलेला खुंट कॉलरच्या बाहेरून स्वच्छ कापायचा. खालचा काप घेतला नाही तर फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलत खाली येते, आणि ती जखम आयुष्यभराची.

रंगाचं म्हणाल तर अमेरिकेच्या वन खात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आतून बघितली आणि दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही, झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालून त्याला कोंडतं. वरून ऑइलपेंट फासल्याने या भिंतींना काही मदत होत नाही, उलट आत ओल राहते. आंब्यासारख्या फळझाडाला बागायतदार मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, ती बुरशीसाठी आहे आणि तिचा उपयोग होतो. पण सोसायटीत भिंतीचा उरलेला रंग लावतात तो फक्त काम नीट झालंय असं दिसावं म्हणून.

आणि मुळांकडे बघा ताई. पावसात पूर्ण झाड उपटून पडतं तेव्हा बहुतेक वेळा कारण वर नसतं, खाली पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट बुंध्याला खेटून लावलेलं असतं, गटारासाठी एका बाजूची मुळं कापलेली असतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीच्या प्रकरणात सांगितलं होतं की झाडाभोवती एक मीटर सिमेंट नको. सोसायटीच्या मीटिंगमध्ये छाटणीच्या आधी हा विषय काढा, खर्चही कमी आहे.

प्रश्न (कल्याण): माझे मिस्टर दहा वर्षं झाडं कापायचं काम करतात. कमरेला दोर बांधतात तेवढाच. मालक म्हणतो बेल्टबिल्टमध्ये वेळ जातो. मागच्या महिन्यात त्यांच्यासोबतचा एक जण पडला, मणक्याला लागलंय, अजून उठत नाही. मी त्यांना काय सांगू?

उत्तर: ताई, हे मिस्टरांना वाचून दाखवा आणि जमलं तर त्यांच्या मालकालाही.

कमरेला गाठ मारलेला दोर माणसाला वाचवत नाही. माणूस घसरला की सगळा झटका पोटावर आणि कण्यावर येतो. मांड्यांना आणि कमरेला धरणारा हार्नेस पाहिजे, त्यात माणूस बसल्यासारखा राहतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. वर मशीन चालवताना दोन ठिकाणी बांधलेलं पाहिजे, एक वरून आलेला मुख्य दोर आणि दुसरा बुंध्याभोवतीचा आखूड पट्टा, कारण मशीनची चेन सेकंदाला वीसेक मीटरच्या वेगाने पळते आणि चुकून दोराला लागली तर दोर क्षणात तुटतो. काथ्याचा किंवा बाजारातला पिवळा प्लास्टिकचा दोर माल बांधायला ठीक आहे, माणूस त्यावर लटकवायचा नाही. डोक्याला हेल्मेट, डोळ्याला जाळी किंवा चष्मा, कानाला मफ. मशीन एका हाताने चालवायचं नाही, कितीही सवय असली तरी नाही.

आणखी एक गोष्ट खूप कमी लोकांना माहितीये. हार्नेसमध्ये माणूस बेशुद्ध लटकत राहिला तर पायात रक्त साठून काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं, म्हणून खाली दुसरा चढणारा माणूस, दुसरा हार्नेस आणि दोर तयार पाहिजे. फायर ब्रिगेड येईपर्यंत थांबू असं चालत नाही. आमच्याकडे चढू शकणारी दोन माणसं आली नाहीत तर त्या दिवशी झाडावर काम होत नाही, गिऱ्हाईक ओरडलं तरी ओरडू दे.

बेल्ट घालायला पाच-सात मिनिटं लागतात, आणि बांधलेला माणूस उलट लवकर काम करतो कारण त्याचा एक हात फांदी धरण्यात अडकत नाही, हे मी रोज बघतो. जो मालक याला वेळ जातो म्हणतो त्याच्याकडे काम करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कसलेल्या चढणाऱ्या माणसाला मे महिन्यात काम कुठेही मिळतं.

कामावर माणूस पडला तर नुकसानभरपाई मालकाने द्यायची हे आपल्याकडे १९२३ पासून कायद्यात आहे. मालक पगारपत्रक ठेवत नसेल तरी हजेरीची वही, फोनवरचे मेसेज, पैसे ऑनलाइन आल्याची नोंद, सोबतच्यांची साक्ष हे जपून ठेवा. जो पडलाय त्याच्या घरच्यांना सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायला सांगा, उशीर करू नका म्हणावं. आणि तुमच्या घरासाठी उद्याच बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू करा, वर्षाला वीस रुपये खात्यातून जातात, अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, अर्धवट कायमच्या अपंगत्वाला एक लाख. दोन लाखांत संसार होत नाही हे मलाही कळतं, पण शून्यापेक्षा बरं, आणि मालकाकडून घ्यायची भरपाई वेगळी, ती यात वळती होत नाही.

प्रश्न (बदलापूर): झाडातून विजेची लाइन गेलीये. लाकडी दांड्याच्या कोयत्याने कापलं तर चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. ओली फांदी वीज वाहून नेते, आणि ११ केव्हीच्या (अकरा हजार व्होल्टच्या) लाइनला तर हात लागायचीही गरज नाही, जवळ गेलं तरी झेप घेते. महावितरणच्या ऑफिसला लेखी द्या, शटडाउनची वेळ ठरवून घ्या, लाइनमन जागेवर येऊन लाइन बंद आणि अर्थिंग झालंय असं सांगेपर्यंत झाडाला हात लावू नका. फोनवर बंद केलीये असं सांगितलं तर चढायचं नाही. आणि शटडाउन संपायच्या आधी सगळी माणसं खाली मोजून घ्या. बऱ्याचदा महावितरणचे लोक पावसाळ्याआधी स्वतःच लाइनजवळच्या फांद्या काढतात, आधी विचारा, काम वाचेल.

प्रश्न (सावंतवाडी): माझं मशीन सुट्टीनंतर चालूच होत नाही, कार्बोरेटर दोनदा साफ केला. आणि चेन नवीन टाकली तरी आठवड्यात बोथट. मशीन खराब लागलं का?

उत्तर: मशीन चांगलंच असणार. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि कोकणातल्या हवेत तर विचारूच नका. टाकीत पेट्रोल-ऑइलचं मिक्स तसंच ठेवलं की पाणी खाली बसतं, कार्बोरेटरमधली रबरं फुगतात. दोन-चार दिवस काम नसेल तर टाकी रिकामी करा आणि मशीन चालू ठेवून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. मिक्स रोज लागेल तेवढंच करा. बहुतेक चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलला पन्नासास एक हे प्रमाण असतं, म्हणजे लिटरला वीस मिली, पण बाटलीवर आणि मशीनच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा, अंदाजे ओतू नका.

चेनचं म्हणाल तर भुशाकडे लक्ष ठेवा. चेन धारदार असताना चुन्यासारखी पूड पडत नाही, जाड चकल्या पडतात. पूड पडायला लागली, मशीन दाबावं लागतंय, काप एका बाजूला वळतोय, म्हणजे धार गेली. तेव्हाच थांबून गोल कानस मारा, चेनच्या मापाचीच कानस, दर दाताला सारखे हात. दाबून कापत राहिलात तर चेन गरम होते, ढिली होते, बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) झिजतो आणि माणूस दमतो, आणि दमलेल्या माणसाच्या हातून बारचं वरचं टोक फांदीला लागून मशीन तोंडावर उसळी घेतं. आठवड्यात बोथट होते याचं कारण बहुतेक तुम्ही जमिनीला टेकलेले ओंडके कापताय. मातीचा एक स्पर्श झाला की धार गेली. ओंडक्याखाली दुसरं लाकूड घाला आणि मग कापा. आणि सोसायटीच्या, शाळेच्या झाडांत खिळे असतात, बॅनरचे, लायटिंगचे, काप घ्यायच्या आधी साल हाताने चाचपून बघा.

प्रश्न (नाशिक): छाटणी करताना घरटं सापडलं तर काय करायचं? दुसऱ्या झाडावर ठेवलं तर चालतं का?

उत्तर: ठेवलं तर पक्षी बहुतेक वेळा परत येत नाहीत आणि पिल्लं मरतात. घरट्यात अंडी, पिल्लं असतील तर ती फांदी आणि आजूबाजूचा आडोसा सोडून द्या, पिल्लं उडून गेली की करा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अंडी आणि घरटी यांनाही संरक्षण आहे. कावळ्यांची घरटी नेमकी एप्रिल ते जून असतात आणि आपली गर्दी पण तेव्हाच, म्हणून मी सोसायट्यांना डिसेंबर-जानेवारीत काम उरकून घ्या असं सांगत असतो. वर चढायच्या आधी दुर्बिणीतून झाड सगळीकडून बघा, साधी दुर्बीण पुरते, ढोल्यांमध्ये पोपट, पिंगळा असतात आणि ते खालून नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. आग्यामोहोळ असेल तर मशीन चालू पण करू नका, माणूस दोरावर असताना माश्या उठल्या तर त्याला पळता येत नाही. जाणकार मधपाळाला बोलवा. जाळायचा विचार करू नका.

प्रश्न (श्रीवर्धन): निसर्ग वादळानंतर आम्ही दोघा भावांनी मशीन घेतलं, तेव्हा खूप काम होतं. आता पावसाळ्याआधी तीन महिने काम आणि बाकी वर्ष बसून. नारळ-सुपारीच्या बागा आहेत आजूबाजूला. यातून बारमाही धंदा होईल का?

उत्तर: ३ जून २०२० ला तुमच्याकडे जे झालं ते मी नंतर येऊन बघितलंय, वाड्याच्या वाड्या आडव्या. तेव्हा पडलेलं लाकूड कापणं हे काम होतं, ते संपणारच होतं. आता उभ्या झाडाच्या निगेचं काम घ्या, ते तुमच्या दारातच आहे.

नारळापासून सुरुवात करा. वाळलेल्या झावळ्या, नारळ उतरवणं, शेंड्याची साफसफाई, गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा या नारळ पोखरणाऱ्या किडींची पाहणी, हे वर्षातून तीन-चार वेळा लागणारं काम आहे. हिरव्या झावळ्या कापू नका, मालकाने सांगितलं तरी, ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. आणि नारळावर चढायला बुटाचे लोखंडी काटे कधीच वापरू नका, नारळाला आंब्यासारखी साल भरून येत नाही, केलेलं भोक कायमचं राहतं. चढायची शिडी-यंत्रं मिळतात, नारळ विकास मंडळ चढणाऱ्यांना प्रशिक्षण देतं आणि त्यांच्यासाठी केरा सुरक्षा नावाचा विमाही आहे, दोघं भाऊ त्यात नाव घाला. तुमच्याकडचे पाडेली (नारळावर चढून नारळ पाडणारे) म्हातारे होत चाललेत, पोरं मुंबईला गेली, आणि बागायतदार माणूस शोधत फिरतात.

दुसरं, किनाऱ्यावरची रिसॉर्टं आणि होमस्टे. त्यांच्या पाहुण्यांच्या गाड्या आणि झोपाळे नारळाखालीच असतात. चेंबूरला जुलै २०१७ मध्ये चालत जाणाऱ्या बाईंवर नारळाचं झाड पडून त्या गेल्या, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय, त्यामुळे मालकांना समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्याशी वर्षाचा करार करा, दर तीन महिन्यांनी पाहणी आणि साफसफाई, ठरलेली रक्कम, आणि प्रत्येक पाहणीनंतर एक पान लिहून द्या की कोणत्या झाडाला काय दिसलं. बुंध्याशी पोकळ आवाज येतोय, मुळाशी अळंबी उगवलीय, झाड मागच्या वेळेपेक्षा कललंय, एवढं लिहिलं तरी पुरे. त्या एका पानामुळे तुम्ही लाकूडतोडे न राहता झाडाचे जाणकार होता आणि पैसेही त्या हिशोबाने मागता येतात.

आंब्याची काढणी संपली की जुन्या कलमांची विरळणी असते, मधल्या गच्च फांद्या काढून झाडात ऊन जाऊ द्यायचं काम. ते करायच्या आधी दापोलीच्या कृषी विद्यापीठात जाऊन बघून या, कारण मोठा काप उघडा राहिला की हापूसच्या खोडात भिरूड (खोड पोखरणारी कीड) शिरतो आणि दोष तुमच्यावर येतो.

प्रश्न (सातारा): मी बारावी झालोय, झाडावर चढायची लहानपणापासून सवय आहे. हे काम नीट शिकायचं आहे. कुठे शिकू, मशीन कोणतं घेऊ?

उत्तर: मशीन आत्ता घेऊच नकोस. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या संस्थेची सर्टिफाइड आर्बोरिस्टची (झाडांच्या निगेच्या जाणकाराची) परीक्षा जगभर मानली जाते, आपल्याकडची काही मंडळी ती झालेली आहेत, पण तिला बसायला आधी काही वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. तेव्हा आधी अशा टीममध्ये शिर जिथे सगळे हार्नेस घालतात, हे जाऊन डोळ्यांनी बघ आणि मग हो म्हण.

पहिलं वर्ष खाली काम कर. चढता येतं म्हणून लगेच वर जायची घाई करू नकोस. दोर धरणारा माणूसच फांदीचा वेग ठरवतो, रस्त्यावरची माणसं थांबवतो, वरच्याच्या हातात हत्यार पोचवतो, आणि फांदी कशी वळते, कुठे चिरते, कोणतं झाड न सांगता तुटतं हे सगळं त्याला खालून दिसतं. मुंबईत मिलीबग (रस शोषणारी पांढरी कीड) पडून कितीतरी पर्जन्यवृक्ष वाळले, असल्या उभ्या वाळलेल्या झाडावर चढायचं नसतं, तिथे क्रेन किंवा बूम लिफ्ट लागते, आणि हे ओळखायला खालीच शिकायला मिळतं. बोलाइन, क्लोव्ह हिच आणि प्रुसिक या तीन गाठी घरी दोर घेऊन डोळे मिटून मारता येतील एवढ्या घोटव. सोबत तुझ्या गावातली वीस झाडं पानावरून, सालीवरून आणि लाकडाच्या रंगावरून ओळखायला शीक. पुढच्या डिसेंबरपर्यंत एवढं झालं तर मला परत लिही, तोपर्यंत कोणत्या मापाचं मशीन घ्यायचं ते तुझं तुलाच कळायला लागलेलं असेल, आपण त्यावर बोलू.